वायर काढलेला संगणक

मित्रांनो, खोके म्हणा, डबडे म्हणा, पण मी आहे एक जुना संगणक. कृत्रिम दात बनवणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत मी कोपऱ्यात बसलेला असतो. समोर भिंत, डावीकडे प्लास्टरची पोती. खिडकी आहे म्हणे, पण ती माझ्या पाठीमागे.

एके काळी माझा थाट होता. दंतवैद्य जबड्यांची स्कॅन पाठवत, मी ती पडद्यावर फिरवून दाखवी आणि मालकीणबाईंचे दीर त्यावरून दात घडवत. "हा आहे म्हणून आपलं निभतंय," असे ते येईल त्याला सांगत.

मग नवे संगणक आले. त्यांच्यावर कुणीतरी अनोळखी ईमेल पत्त्यावरून आलेली झिप फाईल उघडली. झिप फाईल म्हणजे दाबून बांधलेले गाठोडे. आत काय आहे ते वरून कळत नाही. त्या गाठोड्यातून जे निघाले त्याने कार्यशाळेतले सगळे जबडे कुलूपबंद करून टाकले. बाईंनी एकेका पेशंटची माफी मागितली, पुन्हा मापे घ्यायला लावली. त्यानंतर त्यांनी माझी इंटरनेटची वायर काढली. अनोळखी फाईल आधी पेन ड्राइव्हवरून माझ्याकडे आणायची, तपासायची, मगच पुढे न्यायची, असा नियम झाला. बिघडलेच तर माझ्यापुरते बिघडेल.

नियम शहाणपणाचा होता. पण पलीकडच्या खोलीतले संगणक जगाशी बोलत आणि मी भिंतीकडे बघत बसे. पंख्यात धूळ साचून जीव गुदमरे. माझे घड्याळही मागे पडले होते.

एका दुपारी दीर पेन ड्राइव्ह घेऊन घाईघाईने आले. ओळखीच्या डॉक्टरांच्या नावाने, पण नव्या पत्त्यावरून फाईल आली होती आणि पेशंटला दात लगेच हवे होते. माझ्यातली व्हायरसची यादी जुनी झाली होती. ती ताजी करायला त्यांनी सरळ वायर जोडली.

काय सांगू, मित्रांनो! कोंडलेल्या खोलीचे दार उघडावे तसे झाले. वायर काढायची राहिली आहे हे मला कळत होते. तरी ती राहावी असेच वाटत होते.

त्यांनी फाईल तपासायला लावली. पडद्यावर अक्षरे उमटली: धोका आढळला नाही. त्याच पत्रात आलेला पासवर्ड ते टाकणार, इतक्यात बाई आत आल्या.

"भाऊजी, थांबा! वायर कुणी लावली?"

"मीच. बघा ना वहिनी, धोका नाही म्हणतोय हा."

"पासवर्ड आहे ना फाईलला? मग त्यानं आत पाहिलं कुठे? दारावरूनच परत आलाय तो."

बाईंनी वाकून वायर उपटली. माझ्या कोंडलेल्या खोलीचे दार पुन्हा बंद झाले.

"आता उघडू नका. आतली नावं तेवढी बघा, ती पासवर्डशिवायही दिसतात."

आत एकच नाव होते. सुरुवातीला जबडा, शेवटी डॉट ईएक्सई.

"हा तर प्रोग्रॅम," बाई म्हणाल्या. "जबड्याचं स्कॅन कशाला प्रोग्रॅम असेल?"

त्यांनी डॉक्टरांना नेहमीच्या नंबरवर फोन लावला. डॉक्टरांनी काहीच पाठवले नव्हते. त्यांच्या नावाने भलताच कुणी पत्रे धाडतो आहे, हे त्यांनाही तेव्हाच कळले.

दीर प्लास्टरच्या पोत्यावर बसले. "माझं बोट बटणावर होतं हो, वहिनी."

"मीही घाबरले होते," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारीच पोत्यावर टेकल्या.

थोड्या वेळाने दीर उठले. कवळीच्या हिरड्या करतात ते गुलाबी मिश्रण त्यांनी कालवले आणि माझ्या वायरीच्या खाचेत अंगठ्याने दाबून भरले. ते दगडासारखे घट्ट झाले.

"आता घाईत चूक व्हायला जागाच नको. व्हायरसची यादीही पेन ड्राइव्हवरूनच आणू," ते म्हणाले.

मित्रांनो, अनोळखी गाठोडे उघडण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा. त्या पत्रातल्या नंबरवर नव्हे, तुमच्याजवळ आधीपासून असलेल्या नंबरवर. आणि तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात पहारा देत असेल, तर कधीतरी त्याच्या पंख्यावर फुंकर मारा, त्याचे तोंड खिडकीकडे करा. तो पळून जायचा नाही.