डब्यावरचा पाऊस

चौतीस वर्षं धारवाडच्या शाळेत विज्ञान शिकवून मी कलघटगीजवळच्या आमच्या गावी परत आलो, ते गाव सुधारायच्या हौसेनं. गावानं मला मागितलं नव्हतं. त्या साली ज्येष्ठ कोरडा गेला, आषाढही कोरडा गेला. गावात न वाळलेली एकच गोष्ट उरली, माझी जीभ.

मारुतीच्या कट्ट्यावर रोज वाद चालायचा. माझी थोरली बहीण यमुनाक्का म्हणायची, गेल्या साली जत्रा भरवली नाही म्हणून देवी कोपली. मी म्हणायचो, देवीचा काही संबंध नाही, हा सगळा एल निनोचा प्रताप.

"हा निनो कुणापैकी रे, दत्तू?" अक्कानं विचारलं.

"तो लांब समुद्रात असतो. तिकडं पाणी तापलं की इकडं पाऊस अडतो."

"कुणी बघितलाय त्याला?"

"तो दिसत नसतो, अक्का."

"आणि निनो म्हणजे काय?"

इथं मी थाप मारायला हवी होती. पण विचारलं की खरं सांगायची मास्तरकी खोड. "बाळ," मी म्हटलं. "तिकडचे कोळी येशूबाळाला म्हणतात, त्यावरून नाव पडलं."

"मग देवच की रे," अक्का म्हणाली. "तुझा लांबचा, आमचा जवळचा. भांडायलास कशाला?"

कट्टा पोट धरून हसला आणि माझं डोकं फिरलं. पंचायतीच्या आवारात, तारेच्या कुंपणात, सरकारनं खांबावर एक पांढरा डबा बसवलाय. वर नरसाळं आहे. त्यात पाणी पडलं की डबा ते मोजतो आणि आपणहून वरच्या ऑफिसला कळवतो. त्याच्याकडं बोट दाखवून मी म्हणालो, "सरकारचा देव तो बघा. त्या डब्यात पडला तर पाऊस, नाही पडला तर नाही. बाकी सगळं थोतांड."

सगळे डब्याकडं बघत राहिले. मला वाटलं, जिंकलो.

त्या डब्यावर माझी नजर होती ती वेगळ्याच कारणानं. अर्ज केल्यापासून ओळीनं एकवीस दिवस डबा कोरडा राहिला तर गाव दुष्काळी ठरणार होतं आणि रोज टँकर येणार होता. विहिरीत चिखल उरला होता. अडुसष्टाव्या वर्षी अक्का दोन मैलांवरून घागर आणत होती. एकदा बांधावरून घसरली, गुडघा फुटला, पण मला बोलली नाही. लुगड्यावरचं रक्त बघून मला कळलं आणि स्वतःची लाज वाटली, कारण माझ्या सगळ्या विज्ञानानं तिची एक घागर हलकी होत नव्हती. त्याच दिवशी मी पंचायतीकडून अर्ज करवला आणि कॅलेंडरवर रोज एक फुली मारू लागलो. एकोणीस फुल्या झाल्या होत्या.

विसाव्या दिवशी गावात गुर्जी निघाली. आमच्याकडं पावसानं ओढ दिली की शेणाची छोटी मूर्ती, म्हणजे गुर्जी, करतात, तिला दूर्वा खोवतात आणि उलट्या तव्यावर मांडून तो तवा एकाच्या डोक्यावर देतात. तो घरोघर फिरतो, बायका त्याच्यावर तांब्याभर पाणी ओततात आणि तो गिरकी घेतो. पाणी चहूकडं उडतं, तसा पाऊस उडावा म्हणून. यंदा तवा बाबाजीच्या डोक्यावर होता. बाबाजी पंचायतीचा वॉटरमन. नळाला पाणी सोडायचं त्याचं काम, आणि सोडायला पाणी नसल्यामुळं मोकळाच होता.

मी दार लावून पेपर वाचत बसलो. तासाभरानं मोबाइल वाजला. कन्नडात सरकारी सूचना होती: आपल्या गावात दोनशे चौदा मिलिमीटर अतिवृष्टी, ओढ्या-नाल्यांपासून दूर राहावे. मी खिडकीतून बघितलं. उन्हानं कुत्रीसुद्धा गटारात शिरली होती, आणि गटार कोरडं होतं.

पंचायतीत पोचलो तर डब्याला हळदकुंकू लागलेलं, नरसाळ्यातून पाणी ठिबकतंय, खाली अकरा बायका रिकामे तांबे घेऊन हात जोडून उभ्या. कुंपणाची किल्ली बाबाजीकडंच असते.

"तूच म्हणालास की," अक्का म्हणाली, "त्या डब्यात पडला तर पाऊस. म्हणून औंदा शेणावर न्हाई ओतलं. बाबाजीनं गिरकी तेवढी घेतली."

"पाणी कुठलं ओतलंत?"

"पिण्यातलं. देवाला काय चिखल ओतायचा?"

घरी येऊन मी कॅलेंडर उलटं टांगलं.

तीन दिवसांनी जीपमधून प्रभंजन नावाचा अधिकारी आला. दहावीत माझाच विद्यार्थी होता.

"सर्र, आकडा खोडायला कारण लागतंय," तो अक्काच्या ओसरीवर बसून म्हणाला. "यंत्र बिघडलं लिहिलं तर ते हुबळीला गोकुळ रोडवर दुरुस्तीला जाणार, दिवाळीपर्यंत तिथंच पडणार. माणसांनी पाणी ओतलं लिहिलं तर अकरा बायकांवर केस. पहिलं नाव यमुनाबाई."

"आणखी काही?"

"असाधारण घटना. पाऊस डब्यावर पडला, बाजूला न्हाई. गावातल्या शिकलेल्या माणसानं लिहून दिलं की वर चालतंय. आकडा गेला की तेवीस दिवस कोरडे धरतात."

"किती जागेत पडला म्हणून लिहू?"

"नरसाळ्याएवढी. सहा इंच पुरे, सर्र."

फॉर्मवर कारणाचे दोन चौकोन होते, नैसर्गिक आणि दैवी. मी पेन नैसर्गिकवर नेलं.

"त्याला ढगाचा फोटो जोडावा लागतोय," प्रभंजन म्हणाला. "ढग हाय का आपल्याकडं?"

अक्का गुडघ्याला हळद लावत बसली होती. मी दैवीवर खूण केली. खाली सही केली, आणि सवयीनं बी.एस्सी., बी.एड. हेही लिहून बसलो.

आठवड्यानं टँकर आला. त्याच्याआधी माझ्या कागदाची झेरॉक्स फ्रेममध्ये घालून बाबाजीनं मारुतीच्या देवळात टांगली होती.

पहिला तांब्या अक्कानं भरला. घराकडं न जाता ती पंचायतीकडं वळली, तिच्या मागं बाकीच्या दहाजणी.

"कुठं निघालीस, अक्का?"

"डब्याला. त्यानं टँकर दिला, मग पहिलं पाणी त्याला नको?"

म्हणजे पुन्हा अतिवृष्टी, आणि उद्यापासून टँकर बंद. चौसष्ट वर्षांचा मी धोतर सावरत धावलो आणि कुंपणाच्या फाटकात आडवा उभा राहिलो. समजावून सांगण्याच्या भानगडीत पडलो नाही. समजावून सांगितल्यानंच तर इथवर आलो होतो.

"डब्याला नको. माझ्यावर ओत."

"तुझ्यावर कशाला?"

"कागदावर सही माझी आहे."

अक्कानं जरा विचार केला. "खरं हाय की," ती म्हणाली आणि तांब्या माझ्या डोक्यावर उपडा केला. पाण्याला डिझेलचा वास होता. मग बाकीच्या दहा जणींनी ओतलं. चष्मा खाली पडला, तो बाबाजीनं उचलून ठेवला.

"आता गिरकी घे," अक्का म्हणाली. "गिरकीबिगर चालत न्हाई."

मी मागं वळून बघितलं. डबा कोरडा होता. मग मी गिरकी घेतली.