झिपऱ्याचा डोळा आणि माझे दोन दात

मी एक जुनी फणी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. अस्सल शिसवी लाकडाची आहे मी, आणि दोन्ही बाजूंनी दात आहेत मला. एका बाजूचे जाड, गुंता सोडवायला. दुसऱ्या बाजूचे बारीक, उवा-लिखा काढायला. मित्रांनो, मला अक्षर ओळखता येत नाही. पण कोणत्या पोरीने डोकं धुतल्याचं खोटं सांगितलं, ते मी एका फटक्यात ओळखते. प्रत्येकाची विद्या वेगळी असते.

रोह्याच्या जत्रेत गोविंदाने मला आपल्या नव्या बायकोसाठी घेतलं. बायकोचं नाव मालू. नदीपलीकडे अष्टमी गावात त्यांचं घर. काय केस होते मालूचे! पाटावर बसली की मागे जमिनीला टेकायचे. खाडीवरून वारा आला की एकीकडे ती विंचरायची आणि दुसरीकडे वारा विस्कटायचा. दोघांचं भांडण चालायचं आणि मधे मी.

मग मुलगी झाली, पूजा. तिच्या दोन वेण्या रोज सकाळी ओटीवर घातल्या जायच्या. पूजा मान हलवायची, मालू माझ्या सपाट अंगाने तिच्या डोक्यात टपली द्यायची. खोबरेल, अबोलीचा वास आणि शाळेला उशीर झाल्याची रड. ते दिवस आठवले की अजून माझं लाकूड तेल सोडतं. लग्नघरी मला मागून न्यायचे. नवरीच्या केसांतून फिरलेली फणी आहे मी, कुणा ऐऱ्यागैऱ्याची नव्हे.

पुढे प्लास्टिकचे रंगीत कंगवे आले. दात मऊ, अंग हलकं, वर आरशासारखे चमकायचे. आज आणला, उद्या मोडला. तरी त्यांचाच थाट. मालूचे केसही विरळ झाले. पूजा नर्स होऊन पनवेलला गेली आणि मी सुईदोऱ्याच्या डब्यात बटणांच्या संगतीत पडले. बटणांशी बोलायचं तरी काय? त्यांना फक्त भोकं.

मग पूजाला मस्कतच्या दवाखान्यात नोकरी लागली. जाण्याआधी ती आपला कुत्रा आईकडे ठेवून गेली. बुटका, चपट्या नाकाचा, अंगभर लांब केसांचा. त्याची इंग्रजी जात आणि इंग्रजी नाव मालूच्या तोंडात बसेना. तिने त्याला झिपऱ्या केलं. पूजा गेली त्या दिवशी मालूने गावदेवीला नवस बोलला. पोरगी सुखरूप घरी येईपर्यंत तिच्या झिपऱ्याच्या केसांना कात्री लावणार नाही. आमच्याकडे अशी बोललेली गोष्ट कुणी मोडत नाही. देवी ऐकते आणि लक्षातही ठेवते.

केस वाढतच गेले. कपाळावरचे डोळ्यांवर आले, नाकाच्या दोन्ही अंगांचे उलटे वर उगवून डोळ्यांत शिरले. डोळे गळायला लागले. पांढऱ्या तोंडावर तांबूस ओघळ उतरले. मालू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, मुकं जनावर आहे, पण पूजासाठी रडतंय. शेजारणी हळहळायच्या. एवढी माया पाहून कुणाची तरी नजर लागेल, म्हणून मालूने दिव्याची काजळी धरली, एरंडेलात खलली आणि झिपऱ्याच्या डोळ्यांत काजळ घातलं. तान्ह्या पोरांना घालत आली, तसं यालाही. काजळ, पाणी आणि केस मिळून डोळ्यांच्या कोपऱ्यांत डांबरासारखे गोळे झाले. उजवा डोळा उघडेना.

घरची सून ऋतुजा, पूजाच्या भावाची बायको. माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्यातलं. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी ती लग्नाआधी करायची. तिने झिपऱ्याला रिक्षात घातलं आणि पूल ओलांडून रोह्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. परत येऊन तिने सगळं सांगितलं ते मी डब्यातून ऐकलं. झिपऱ्या रडत नव्हता. केस टोचून टोचून उजव्या डोळ्यावर ओरखडा उठला होता. डोळ्यांभोवतालचे केस काढून औषधाचे थेंब घातले नाहीत, तर डोळा जाणार होता. दवाखान्यात त्याने कात्री जवळ येऊ दिली नाही, धापा टाकायला लागला. चपट्या नाकाच्या कुत्र्याला उगाच भूल नको, घरच्या माणसाने मांडीवर घेऊन हळूहळू कापा, असं डॉक्टर म्हणाले.

मालूने कात्रीचं नाव ऐकलं आणि दारात आडवी बसली. नवस मोडला आणि तिकडे परमुलखात पोरीला काही झालं तर? डॉक्टर जबाबदार का तू, असं तिने सुनेला विचारलं. ऋतुजा म्हणाली, हात माझा बसलेला आहे, आई. त्यावर मालूने तिला पुरतं सोललं.

"मातीच्या डोळ्यांवर बसलाय गो तुझा हात. गणपती काय मान हलवतो?"

 ऋतुजाने झिपऱ्यापुढे तांदळाच्या भाकरीचा तुकडा टाकला. वासाने तो पुढे आला, पण तुकडा सोडून बाजूच्या जमिनीवरच तोंड फिरवत राहिला. मग उंबऱ्याला नाक लावून उभा राहिला आणि तिथेच शेपटी हलवायला लागला. त्याला वाटलं, मालू तिथे आहे. मालू होती दुसऱ्या अंगाला.

मालूने तुकडा उचलून त्याच्या तोंडात दिला. बराच वेळ ती त्या ओल्या, काळ्या तोंडाकडे बघत होती. मग उठली, डबा उघडला, बटणं बाजूला सारली आणि मला बाहेर काढलं.

"देवीला मी केस बोलले," ती म्हणाली. "डोळा नाय बोलले. काप गो."

मित्रांनो, खरं सांगते, माझा आधी अपमानच झाला. नवरीच्या केसांतून फिरलेली मी, आणि आता कुत्र्याचं तोंड? पण मालूचा हात ओळखीचा होता आणि त्याने बटणांतून मलाच शोधून काढलं होतं. अशा वेळी नखरे करायचे नसतात.

मालूने झिपऱ्याला मांडीवर घेतलं. ऋतुजाने कोमट पाण्यात कापूस भिजवून ते गोळे शेकले, मऊ केले. मग माझ्या बारीक दातांनी एकेक केस सोडवला. डोळ्यापासून बाहेरच्या अंगाला, कधीही आत नाही. ओढलं की कातडी ताणते आणि जीव घाबरतो, म्हणून मुळाशी बोट दाबून धरायचं. एवढं झाल्यावर तिने मला आडवं केलं, झिपऱ्याच्या डोळ्यावर ढालीसारखं धरलं. माझ्या मागे डोळा, माझ्या पुढे कात्री. दातांच्या वर येतील तेवढेच केस कापायचे. कात्री बोथट टोकाची, बाळांची नखं कापायची. ऋतुजाने करंगळी झिपऱ्याच्या गालावर टेकली, जशी ती मूर्तीच्या गालावर टेकायची. आता गाल हलला तर हातही त्याच्याबरोबरच हलणार होता. तिने श्वास रोखला.

डावा डोळा झाला. उजव्याचा मोठा गोळा कापताना झिपऱ्याला कुठेतरी दुखलं. त्याने डोकं जोरात झटकलं. कात्री मिटली आणि कट्‌ असा आवाज झाला.

 मालूने डोळे मिटून घेतले होते. ऋतुजाने हळूच बघितलं. मालूच्या मांडीवर पांढऱ्या केसांत शिसवी लाकडाचे दोन बारीक तुकडे होते. पात्यांत पापणी नव्हती सापडली. माझे दात सापडले होते.

मालूने मला उचलून पदराला पुसलं आणि तुटलेल्या दातांच्या खिंडीवर अंगठा फिरवला. एवढ्या लग्नांमधून मी मिरवले, पण तसा अंगठा माझ्यावर कधी फिरला नव्हता.

अंगावरचे बाकीचे केस आजही तसेच आहेत, देवीच्या नावाने. कपाळावरच्या केसांची वर एक शेंडी बांधतात. तोंड रोज कोमट कापसाने पुसतात आणि मग मी फिरते. थेंबांनी ओरखडा भरला. तांबूस ओघळही कमी होत गेले, आणि ते पाहून मालू खूश व्हायच्या ऐवजी गप्प गप्प राहायला लागली. घरात आपल्याबरोबर आणखी कुणीतरी पूजासाठी झुरतंय, याचा तिला आधार होता. तोही गेला.

रविवारी मस्कतहून फोन आला. फोनमध्ये माणूस दिसतो तसला. पूजाने झिपऱ्याला बघितलं आणि हरखून म्हणाली, "अगो आई, याला डोळे हायत." मग म्हणाली, मी तर ऐकलं होतं, तो माझ्या आठवणीने रडतो म्हणून.

मालूने मला हातात घट्ट धरलं होतं. माझ्या तुटक्या दातांची धार तिला टोचली असेल.

"तो नव्हता गो रडत," ती म्हणाली. "त्याला केस टोचत व्हते. रडत व्हते ती मी."

 पलीकडून पूजाने विचारलं, आई, तुझे केस आता कोण विंचरतं? मालू म्हणाली, माझे कसले आता, मूठभर राहिलेत. तेवढ्यात ऋतुजा काही न विचारता तिच्या मागे पाटावर येऊन बसली, तिच्या हातातून मला घेतलं आणि त्या मूठभर केसांतून फिरवायला लागली. मालू फोनवर बोलत राहिली. मान मात्र तिने हलवली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असा लांब केसांचा जीव असेल, तर रोज त्याच्या डोळ्यांभोवती बघा. ओघळ दिसले की लगेच माया, नजर, आठवण असलं काही लावून मोकळे होऊ नका. आधी बोटाने केस बाजूला करा आणि काय टोचतंय ते शोधा. काजळ घालू नका. आणि एवढं करून डोळे कोरडे झाले, तर मांडीवर ज्याने त्याला धरलंय, त्या माणसाकडेही एकदा नीट बघा.