नुसतं टक्

संप लांबत गेला तसा गिरणीतला वायरमन भिकाजी चिपळूणजवळच्या आपल्या गावी परतला. थोरला भाऊ रघू आणि कमळा वहिनी यांनी त्याला मायेनं ठेवून घेतलं, पण शेतात त्याचा हात काही चालेना. रोपांची मूठ बांधायला गेला की हमखास सुटायची.

ऐन चिखलणीत रघूचा जुना, छोटा ट्रॅक्टर रुसला. चावी फिरवली की टक् व्हायचं, दिवे मिणमिणायचे, पुढे काही नाही.

"बॅटरी बसली," भिकाजी ठासून म्हणाला.

रघूनं ती एस.टी.तून चिपळूणला नेली, चार्ज करून दुसऱ्या दिवशी आणून लावली. पुन्हा टक्! रघू शेजाऱ्याकडे बैल मागायला निघून गेला. भिकाजी ओशाळला.

त्यानं ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यातला बल्ब काढला आणि त्याला दोन वायरी जोडल्या.

"वहिनी, जरा वर बसून चावी फिरवता?"

"मी? नि मेलं ते पुढं गेलं तर?"

"गिअर काढलाय. नाय जात."

कमळा पदर खोचून चढली. भिकाजीनं वायरी बॅटरीच्या दोन्ही टोकांना धरल्या, बल्ब पेटला. कमळानं चावी फिरवली. टक्! बल्ब मंदसुद्धा झाला नाही. म्हणजे बॅटरीत दम होता, करंट वाटेत कुठेतरी अडत होता. मग त्यानं एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. या दोन्हींमधली जोडणी धड असती तर इथे बल्ब पेटायला नको होता.

"फिरवा!"

टक्. बल्ब झक्कन पेटला.

"सापडलं! अर्थिंग!" भिकाजी ओरडला.

"म्हणजे बरं की वाईट?"

"लय बरं, वहिनी!"

बॅटरीकडून येणारी जाड पट्टी ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बोल्टनं बसवलेली होती. तिथला चिखल खरवडला तर खाली गंजाचा थर. भिकाजीनं बॅटरी सोडवली, पट्टी आणि लोखंड कानशीनं घासून चकचकीत केलं, बोल्ट गच्च आवळला, वर ग्रीस चोपडलं, मग बॅटरी परत जोडली.

"आता फिरवा."

इंजिन धडधडत सुरू झालं. कमळा दचकली, मग हसतच सुटली. आवाज ऐकून रघू शेजाऱ्याकडून धावत आला. बघतो तर बायको ट्रॅक्टरवर!

"उतर बघू, चिखलणी राहिलीय."

"थांबा ओ. बसू द्या जरा."

रघू बांधावर टेकला. भावाला शेजारी बसवून घेत त्यानं तंबाखूची चंची त्याच्यापुढे धरली.