दहापैकी दहा

ओरेस्ट बाझिलाकचं नाक सात वेळा मोडलं, आणि त्यातल्या चार वेळा तो हॉकीच्या बर्फावर नव्हताच. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता, एकदा चर्चमध्ये हात जोडून उभा होता. कट्ट असा आवाज झाला, पाद्रीबाबा प्रार्थनेत अडखळले, आणि ओरेस्टच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल ओघळ आला. झेलेना गावात हे पाहिलेली माणसं अजून आहेत. खोटं वाटत असेल त्यानं कॅनडातल्या सस्कॅचेवनच्या त्या माळावर यावं आणि थंडीनं नाक गळून पडायच्या आत विचारून घ्यावं.

यामागचं कारण ओरेस्टला कळलं ते चोपन्न साली, मोठ्या संघातल्या दुसऱ्या हंगामात. सकाळी नऊला कॉफी पिता पिता त्याचं नाक आपोआप मोडलं. दुपारी आगगाडीत तिकीट तपासणाऱ्यानं खिशातून त्याचंच चित्र छापलेलं कार्ड काढलं आणि सही मागितली. त्याचं पहिलंवहिलं, नवख्या खेळाडूचं कार्ड होतं ते. वीस वर्षांचा ओरेस्ट, हातात हॉकीची काठी, छातीवर संघाचं चिन्ह, तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. फक्त नाकावरून एक आडवी घडी पडलेली.

"माफ करा हं," तो म्हणाला. "नऊच्या सुमाराला वाकलो, तेवढ्यात मुडपलं."

च्युइंगमच्या पुड्यांतून अशी चार हजार कार्डं देशभर गेली होती. ओरेस्टनं मनात हिशोब केला आणि त्याला घाम फुटला.

सतरा हंगाम तो बचावफळीत खेळला. सहाशे टाके, दोन्ही खांदे निखळलेले, पुढचे दात एका डब्यात. लोक म्हणत, काय हिंमत आहे गड्याची! प्रतिस्पर्धी खेळाडू त्याला लोळवल्याच्या बढाया मारत. त्याचा उजवा गुडघा कुणीच मोडला नव्हता. कुठल्याशा बाईनं डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली कार्ड सारलं होतं, बस्स. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात पोरांमध्ये सायकलीच्या तारांत कार्डं अडकवून फटफट आवाज काढायची टूम निघाली, तेव्हा ओरेस्ट तीन महिने खाटेला दोन्ही हातांनी धरून पडून होता. आणि दर वसंतात घराघरांतल्या आया साफसफाई करून जुने खोके चुलीत घालत, तेव्हा त्याला एकशेचारच्या खाली ताप म्हणून येत नसे.

अशी ती कार्डं संपत गेली. अठ्ठ्याण्णव सालापर्यंत धड असं एकच उरलं होतं. ते त्याच्या आईनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीमागे, भरतकामाच्या फडक्याखाली ठेवलं होतं. ते शेवटचं गेलं की आपणही गेलो, हे ओरेस्टला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, स्लावकालाही ठाऊक होतं. त्या तसबिरीवरची धूळ ती श्वास रोखून पुसायची.

त्या वर्षी ऑक्टोबरात फडक्याची कड उंदरानं कुरतडलेली दिसली.

दोघं तडक बोहदान फेदोरिककडे गेले. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. पुढे खिळे आणि रंग, मागे जुन्या कार्डांचा धंदा.

"वुयको, मी तुला दहा वर्षं सांगतोय," बोहदान म्हणाला. ओरेस्ट त्याचा सख्खा काका नव्हता, पण गावात सगळेच त्याला वुयको म्हणत. "शहरात पाठवू. तिथे भिंगातून तपासतात, दहापैकी गुण देतात आणि जाड प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करतात. हवा नाही, पाणी नाही, उंदराच्या सात पिढ्यांचे दात पडतील!"

"कायमचं?" स्लावकानं विचारलं.

"हातोड्यानंसुद्धा उघडायचं नाही, वुयना."

"माणूस कधी असा बंद करतात का रे?"

"माणूस नाही वुयना, कार्ड!"

ओरेस्ट खिळ्यांच्या पिंपाला टेकून उभा होता, कारण गुडघा उभं राहू देत नव्हता. "पाठव," तो म्हणाला.

नोव्हेंबरात कार्ड परत आलं. काचेसारखी चकचकीत पेटी, वर लाल पट्टी आणि पट्टीवर आकडा: दहा. दहापैकी दहा. बोहदान नाचायचाच बाकी होता. तशातलं दुसरं जगात नव्हतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी ओरेस्ट खाटेवरून उतरला आणि तडक गोठ्यापर्यंत चालत गेला. गुडघा दुखेना. खांदे गोल फिरू लागले. आठवड्याभरात नाक सरळ झालं. सहासष्टाव्या वर्षी त्याच्या हिरड्या शिवशिवल्या आणि नाताळाआधी बत्तीस दात आले. कवळी त्यानं कुत्र्याला खेळायला दिली. कुत्र्यानं कवळी हुंगली, मग ओरेस्टला हुंगलं, आणि शेपूट पायात घालून ते खाटेखाली गेलं. ते बाहेर आलं नाही.

ओरेस्टनं मनावर घेतलं नाही. पण बोर्श्टला चव लागेना. लसणीचं सॉसेज, आंबट साय, मुळ्याचं झणझणीत तोंडीलावणं, काहीही खाल्लं तरी जिभेवर एकच चव: गुलाबी च्युइंगमची, वर भुरभुरलेल्या पिठीसाखरेची.

"स्लावका, यात साखर घातलीस?"

"वेडा आहेस का? बिटाच्या रश्श्यात कोण साखर घालतं?"

मग थंडी वाजेनाशी झाली. उणे चाळीसात तो सदऱ्यावर फाटकापर्यंत गेला आणि परत आला. स्लावका खिडकीतून बघत होती. तोंडातून वाफ नव्हती. बर्फात पावलं उठली नव्हती. आणि तो वळला तेव्हा तिनं काच पुसून पुन्हा पाहिलं, कारण बाजूनं बघितलं तर ओरेस्ट जवळजवळ नव्हताच. समोरून रुंद, गोरापान, हसरा. कडेनं पाहिलं तर एक पांढरी रेघ.

शनिवारी पाठ चोळताना तिच्या हातातून साबण निसटला. पाठभर निळसर छापील अक्षरं उमटली होती. जन्मगाव. उंची. वजन. डावखुरा. छोट्या संघातल्या एका हंगामाचे गोल. आणि खाली एक ओळ: या तरुणाकडून संघाला मोठ्या आशा आहेत.

"पुढचं कुठाय?" ती अक्षरांवर ओला पंजा घासत म्हणाली. "सतरा वर्षं कुठायत तुझी?"

"कसली सतरा वर्षं?" ओरेस्ट म्हणाला.

त्यानं चेष्टा केली नव्हती. त्याला खरंच काही आठवत नव्हतं. उद्या सराव आहे, प्रशिक्षक नव्यांपैकी दोघांना ठेवणार आहे आणि आपण त्यात असायला हवं, एवढंच डोक्यात होतं. तो अंग पुसून स्वयंपाकघरात आला. चुलीजवळ एक अनोळखी म्हातारी हात पुसत उभी होती. तिचे डोळे लाल होते.

"मावशी, तुम्ही कोण?" त्यानं अदबीनं विचारलं. "माझी आई कुठे गेली?"

म्हातारीनं तसबिरीमागून ती चकचकीत पेटी काढली, कडेच्या खोलीतून लोखंड कापायची करवत आणली आणि दोन्ही टेबलावर ठेवली.

"काप," ती म्हणाली.

"हे तर माझं कार्ड! इतकं सुंदर... कापू कशाला?"

"कापलंस तर मरशील बहुतेक. नाही कापलंस तर हा असाच उभा राहशील, दात काढून, मी मेले तरी, हे घर पडलं तरी. तुला उद्याचा सराव आहे ना? तो उद्या कधी यायचाच नाही बाळा."

बाळा म्हटलेलं त्याला आवडलं नाही. पण खिडकीच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि ते हसत होतं. ओरेस्टला हसू येत नव्हतं. त्यानं ओठ मिटायचा प्रयत्न केला. ओठ मिटेनात. त्यानं बोटांनी दाबून पाहिले. बोटांखाली पुठ्ठा लागला, गुळगुळीत.

भीती तेवढी अजून त्याची स्वतःची होती.

"मावशी, मी त्या दोघांत असेन का हो? ठेवतील मला?"

"सतरा वर्षं ठेवलं तुला, मेल्या!" ती ओरडली. "सतरा वर्षं मी रेडिओला कान लावून बसले, आणि तू दर वसंतात तुटून फुटून गावी आलास!"

"मला ते बघायचंय," ओरेस्ट म्हणाला, आणि त्यानं करवत उचलली.

प्लास्टिक किंचाळलं. म्हातारीनं पेटी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. एक कड गेली, दुसरी गेली. तिसऱ्या कडेला पेटी फाटकन फुटली, हवा सुंईकन आत शिरली, आणि उजवा गुडघा असा पेटला की ओरेस्ट जमिनीवर कोसळला. मग नाक, सातही वेळा, एकामागून एक. खांदे. कान. पुढचे दात टपटप फरशीवर पडले. दर दुखण्याबरोबर एकेक हंगाम येत होता, त्याच्या गाड्या, त्याचे घामेजलेले सोबती, हरलेल्या रात्री, अठ्ठावन्नचं लग्न, आणि तोंडात दात नसताना घेतलेलं नवरीचं चुंबन. तो गुरासारखा ओरडत होता आणि मध्येच हसत होता.

शेवटी खुर्चीला धरून तो उठला. तोंडातून पांढरी वाफ निघाली.

"स्लावका, चुलीवर काय जळतंय?"

"कांदा," ती रडत म्हणाली. "पेरोगीवर घालायचा."

मग दोघांनी कार्डाकडे पाहिलं. करवतीचा एक दात खालच्या कोपऱ्याला लागला होता. तिथून एक बारीक चीर निघाली होती, केसाएवढी. ते बघत असतानाच ती बुटाच्या टाचेवरून वर सरकली. ओरेस्टचा तळपाय गार पडला.

"चिकटपट्टी लावू?" स्लावकानं दबक्या आवाजात विचारलं.

"आणखी काही लावू नकोस त्याला." त्यानं चिरेच्या पुढे, छातीवरच्या चिन्हापर्यंत अंगठ्यानं अंतर मोजलं. चीर घाईत नव्हती. पण थांबतही नव्हती.

स्लावकानं ताटलीत उकडलेल्या करंज्यांसारखे पेरोगी वाढले, वर काळपट कांदा आणि आंबट साय. ओरेस्टनं हिरड्यांनी पहिला घास चावला आणि डोळे मिटले.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"सहा आठवड्यांनी चव लागली, आणि खोड आधी काढली!" तिनं मिठाचं भांडं त्याच्यापुढे आदळलं आणि खुर्ची त्याच्या खुर्चीला लावून बसली. टेबलावरच्या कार्डातली चीर गुडघ्यापाशी पोचली होती. "त्रेपन्नपासून सुरू कर. सगळं सांग. मला रेडिओवर अर्धंच ऐकू यायचं."