बिननावाचं अत्तर

उजव्या कानात कापसाचा फाया.

रिठ्याचं कढत पाणी.

भंगारवाला सांडू विचारतो, "वास काय भाकरीसंगं खाता व्हय, सायेब?"

बायका गेल्या, पण वाटीत तीळगूळ उरलाय.

आता हे एका दावणीला बांधायचं, तर उस्मानपुऱ्यातल्या श्रीधरपासून सुरुवात करावी लागेल. त्याचे वडील, अण्णा, निजामाच्या कचेरीत कारकून. पोलीस ॲक्शननंतर कचेरी बदलली, साहेब बदलले, अण्णांच्या कानातला अत्तराचा फाया मात्र सुटला नाही. पुढं अण्णा वारले. अत्तराचं नाव सांगायचं राहून गेलं. श्रीधरला ते नाव हवं होतं.

गुलमंडीच्या मागं सांडू जुनं सामान मांडून बसायचा. त्याच्याकडून श्रीधरनं पहिली रिकामी शिशी घेतली. बूच काढलं, तर तळाशी खस. ते नव्हे. पण कुणाच्या तरी लग्नातला उन्हाळा आपल्या खोलीत आला, या आनंदानं तो दिवसभर गुणगुणत राहिला. मग हिना आली, केवडा आला, भिजल्या मातीचं अत्तर आलं. रविवारी तो फडताळ उघडून बसायचा, एकेका बुचाला नाक लावायचा. शहर सोडून गेलेली घरंच्या घरं त्याला भेटून जायची.

"लोक भरल्या शिश्या आणतात," त्याची बायको दमयंती म्हणायची. "आमच्याकडे उलटी गंगा!"

पौषात सांडूनं खुलताबादहून एक शिशी आणली. साधी हिरवी काच, बुचाला दोरा. श्रीधरनं हुंगली, बूच लावलं, पुन्हा काढून हुंगली. अण्णांचा कान! शहागंजचा म्हातारा अत्तरवाला गावाला गेला होता. तो परतला की नाव विचारायचं, ठरलं.

खुशीच्या भरात तो बायकोला म्हणाला, "आता एकच ठेवायची. बाकीच्यांचं तू काय हवं ते कर."

"बघा हं, मागून कुरकुर नको."

एक म्हणजे कुठली, हे त्यानं सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.

संक्रांतीला वाण काय लुटायचं, हा दमयंतीचा दरवर्षीचा घोर. यंदा मिटला. श्रीधर कचेरीतून आला, तेव्हा हळदीकुंकवाच्या बायका निघत होत्या.

"भावजी, असं वाण अख्ख्या गल्लीत कुणी दिलं नाही!" शेजारच्या उमावहिनी म्हणाल्या. त्यांच्या मुठीत शिशी होती.

त्या गेल्यावर दमयंतीनं चांदीच्या बुचाची, सगळ्यांत देखणी शिशी त्याच्या हातावर ठेवली. "ही तुमची. ही कशी देईन मी कुणाला?"

"हिरवी कुठंय?"

"ती दोऱ्याची? उमावहिनींना दिली. मेलीचा वास जाता जाईना! दोनदा रिठ्यात उकळली, तेव्हा कुठं गुलाब भरता आला. का हो?"

तिचा चेहरा उजळला होता.

"काही नाही. छान केलंस."

शेजारी जाऊन तरी काय मिळणार होतं? गुलाब. त्यानंतर त्यानं एकही शिशी आणली नाही. अण्णांना आठवायला बसला की त्यांच्या कानालाही गुलाबाचाच वास यायचा.

सांडूनं ती हिरवी शिशी घेतली तेव्हा ती निम्मी भरलेली होती. श्रीधरला रिकामीच लागते, म्हणून त्यानं ते अत्तर खुलताबादच्या वेशीबाहेर धुळीत ओतलं होतं.