सिप्पोराबाईंचं मचाण

मित्रांनो, मी एक जुनं मचाण आहे. मचाण म्हटल्यावर तुम्हाला लगेच बांबू, गवत आणि वाघाची वाट बघत डास मारणारे कोणी राजेसाहेब आठवतील. तसा मी नाही. मी ॲल्युमिनियमचं, पाठीवर बांधून न्यायचं आणि झाडावर चढणारं मचाण आहे. माझे दोन भाग आहेत, वरचा बसायचा आणि खालचा पाय ठेवायचा. दोन्ही भागांना जाड तारेचा एकेक फास आहे, तो झाडाच्या खोडाभोवती अडकवायचा. मग माणसाने उभं राहून वरचा भाग वर सरकवायचा, त्यावर बसायचं, पायांनी खालचा भाग वर ओढून घ्यायचा आणि पुन्हा उभं राहायचं. सुरवंट चढतो ना, अगदी तसं.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. तिथे धनुष्यबाणाने हरणांची शिकार करणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी मला बनवलं होतं. ज्या खोक्यात मला भरलं त्यावर एक दाढीवाला धनुर्धारी होता आणि खाली एक बिचारं हरीण. खोक्यावरचं चित्र बघून मी चांगलाच फुगलो. आपण मोठे शिकारी होणार, असं मला वाटलं. तेव्हा मला अक्कल नव्हती.

माझे पहिले मालक डॉक्टर यशोधन. अमेरिकेत तीन वर्षं शिकून ते ग्लासगोला नोकरीसाठी निघाले, तेव्हा तिथल्या एका मित्राने मला भेट म्हणून त्यांच्या सामानात कोंबलं. ग्लासगोला आल्यावर डॉक्टरांनी एका जाणकाराला फोन केला. त्याने शांतपणे सांगितलं, की या देशात कुठल्याही प्राण्यावर बाण सोडणं हा गुन्हा आहे. डॉक्टरांना मनातून हायसंच वाटलं असावं, कारण त्या दिवशी ते शीळ घालत होते. माझं मात्र तोंडच उतरलं. मी गॅरेजमध्ये गेलो आणि पाच वर्षं तिथेच राहिलो. माझ्यावर ओले रेनकोट वाळत घालायचे. एका कोळ्याने माझ्या पायापाशी संसार मांडला. माझ्याकडे कौतुकाने बघणारा तेवढा तो एकच.

शेवटी डॉक्टरांनी जाहिरात दिली आणि लंडनच्या पिनर या उपनगरातून योएल आश्टमकर आले. मित्रांनो, योएलसाहेबांनी लंडनच्या भुयारी रेल्वेत पस्तीस वर्षं सिग्नल तपासले होते. निवृत्त झाल्यावर तपासायला सिग्नल उरले नाहीत, म्हणून ते उरलेलं जग तपासत. त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा एक तिरंदाजीचा क्लब होता. चिल्टर्नच्या टेकड्यांमधल्या रानात हे लोक फोमच्या हरणांवर आणि फोमच्या अस्वलांवर बाण मारत. यंदा एक नेम झाडावरून मारायचा ठरला होता आणि मचाण निवडायचं काम योएलसाहेबांकडे आलं होतं.

त्यांनी माझ्याआधी दोन मचाणं नापास केली होती. एक कुरकुरतं म्हणून. दुसऱ्याची सूचनापट्टी तिरकी चिकटवली होती म्हणून. ज्याला कागद सरळ चिकटवता येत नाही त्याने सांधे काय सरळ जोडले असतील, असं त्यांचं म्हणणं. माझ्यासाठी त्यांनी मोजपट्टी, टॉर्च, तागडी आणि दाढीचा छोटा आरसा आणला होता. माझ्या तारा बोटांनी चाचपल्या, प्रत्येक बोल्ट वाजवून पाहिला, कोळ्याचीही चौकशी केली. दोन तासांनी ते म्हणाले, "विचार करून कळवतो," आणि चारशे मैल परत गेले.

अडचण एकच होती. मला पुढच्या बाजूला कठडा नाही. मागे आहे, दोन्ही हातांना आहे, पुढे मोकळं. योएलसाहेबांना चारी बाजूंनी कठडा हवा होता.

त्यांना एवढी धास्ती का, ते दोन आठवड्यांनी ते पुन्हा आले तेव्हा मला कळलं. त्या वेळी त्यांची बायको सिप्पोराबाई बरोबर होत्या, आणि झाडावर त्याच चढणार होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, आयुष्यभर हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून राबलेल्या, अंगाने किरकोळ. अकरा वर्षं तिरंदाजी करत होत्या. पण उजवा खांदा कामातून गेला होता आणि ऑक्टोबरात त्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर धनुष्य ओढता येईल का, या प्रश्नावर सर्जनने मान हलवून फक्त "बघू" म्हटलं होतं. म्हणजे झाडावरून बाण मारायचा तर याच शरद ऋतूत. आणि योएलसाहेबांची निवड सातव्या आठवड्यात पोचली होती.

बाईंनी गॅरेजच्या फरशीवर मला मांडलं, आपलं आखूड धनुष्य घेतलं आणि सरळ माझ्यावर येऊन बसल्या. बाण न लावता त्यांनी दोरी ओढली, डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या, दोरी हळूच परत सोडली.

"हेच," त्या म्हणाल्या.

"अगं, पुढे कठडा नाही," योएलसाहेब म्हणाले.

"पुढे कठडा असला की धनुष्याचं खालचं टोक त्यावर आपटतं. मला बाण मारायचाय. बाल्कनीत बसून चहा नाही प्यायचा."

"आणि पडलीस तर?"

"पट्टा आहे ना. तो तुम्ही तपासा, हवा तेवढा. पण बसणार मी आहे, हे एकदा विचारायचं होतं."

योएलसाहेबांनी मोजपट्टी खिशात घातली. सात आठवडे त्यांनी सगळं मोजलं होतं, फक्त धनुष्य हातात घेतलेली बायको मोजायची राहिली होती. डॉक्टर यशोधननी चहा आणला आणि बाईंना विचारलं, की वरूनच बाण मारायची एवढी हौस का. तेव्हा त्यांनी सांगितलं. लहानपणी त्या सुट्टीत मुंबईहून अलिबागजवळ आजोबांच्या वाडीत जात. त्यांचे भाऊ पायात दोराचा फास अडकवून माडावर चढायला शिकले. त्यांना मात्र मुलीच्या जातीने चढायचं नाही म्हणून खाली उभं करत आणि पडलेले नारळ वेचायला लावत. वर गेलेले भाऊ ओरडून सांगत, समुद्र दिसतोय, बोटी दिसताहेत. त्या खालून विचारत, अजून काय दिसतंय?

हे ऐकून मला माझ्या तारांचा पहिल्यांदाच अभिमान वाटला. पायात दोराचा फास म्हणजे माझ्याच घराण्यातली गोष्ट झाली की.

पिनरच्या घरी बागेतल्या शेडमध्ये मला जागा मिळाली. माझ्या खोक्यावरचं चित्र बघून बाईंनी ते खोकं त्याच दिवशी फेकायला लावलं. हे दोघं बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. बाणाने मारलेलं जनावर त्यांना धर्माने चालत नाही, आणि चाललं असतं तरी बाईंना चाललं नसतं. फोमचं हरीण धर्मात बसतं का, असं योएलसाहेब दर आठवड्याला विचारत आणि दर आठवड्याला स्वतःच हसत.

शनिवारी मला कोणी हात लावत नसे. शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी झाडावर चढायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, असं योएलसाहेब सांगायचे. आता हे आमचं शनवार मचाण, असं म्हणून ते मला थोपटायचे. गॅरेजमधल्या पाच वर्षांनंतर आठवड्याची हक्काची सुट्टी मिळणं ही मोठीच बढती होती.

क्लबचा मोठा दिवस सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होता आणि ऑपरेशन त्यानंतरच्या शुक्रवारी. योएलसाहेबांनी एकेचाळीस गोष्टींची यादी केली आणि एकेकीवर बरोबरची खूण केली. तारा, बोल्ट, पट्टा, धनुष्य वर ओढून घ्यायची दोरी, झाडाचा घेर, हवामान. त्या आठवड्यात ते बागेत माझ्या शेडसमोरच बांबू रोवत होते आणि कामाच्या नादात मोठ्याने म्हणत होते, "रविवारी सकाळी सातला निघू. ट्रॅफिक लागायच्या आत."

सिप्पोराबाई कपडे वाळत घालत होत्या. त्या थांबल्या. "अहो, तुमच्या हातात काय आहे?"

"बांबू."

"कशासाठी?"

"मांडवासाठी. सुक्कोथ नाही का शनि..." आणि योएलसाहेब त्या बांबूसारखेच उभे राहिले.

मित्रांनो, सुक्कोथ म्हणजे त्यांचा मांडवांचा सण. यंदा तो शनिवारी येत होता, आणि त्याचे पहिले दोन दिवस शब्बाथसारखेच पाळायचे असतात. रविवार हा दुसरा दिवस. म्हणजे झाडावर चढणं बंद. एकेचाळीस गोष्टी तपासणाऱ्या माणसाने सणाचा मांडव स्वतःच्या हातांनी बांधत असताना सणाची तारीख तपासली नव्हती.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उरलेले कपडे वाळत घातले आणि म्हणाल्या, की आई सणाच्या दिवशी फांदीला हातसुद्धा लावू देत नसे, तेव्हा राहू दे, आपल्या नशिबात खालूनच बघायचं आहे. योएलसाहेब शेडमध्ये येऊन माझ्या शेजारी उलट्या बादलीवर बसले. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही गाडी चुकीच्या रुळावर गेली नव्हती. आता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला फार वाईट वाटलं.

पण ते तिथे बसून राहिले नाहीत. खिशातून फोन काढून त्यांनी तनूला फोन लावला. तनू ही क्लबची सेक्रेटरी. आजोबा सांगलीचे, तिचा जन्म लंडनच्या हॅरोचा, आणि योएलअंकलशी मोडक्यातोडक्या का होईना, मराठीतच बोलायचं असा तिचा हट्ट. योएलसाहेबांनी आपली चूक होती तशी सांगितली, लपवाछपवी केली नाही, आणि सणाचे मधले दिवस मोकळे असतात हेही सांगितलं. पलीकडून तिचा खणखणीत आवाज मला ऐकू आला. "अंकल, डोंट वरी. आपण आंटीसाठी वेन्सडेला परत टार्गेट लावू. मी हाफ डे घेतो."

बुधवारी रानात नऊ माणसं आली. एक सुतार होता, एक शाळेतली बाई, दोघं निवृत्त पोस्टमन. सगळ्यांनी काम सोडून फोमचं हरीण पुन्हा पाचोळ्यात उभं केलं. योएलसाहेबांनी मला एका सरळसोट बीच नावाच्या झाडाला बांधलं. झाड वर निमुळतं होत जातं, म्हणून त्यांनी जमिनीपाशी माझी पाय ठेवायची पावटी पुढून जरा वर तिरकी ठेवली, म्हणजे बारा फुटांवर ती बरोबर सपाट येते. मग त्यांनी बाईंना विचारलं, "पट्टा लावलास?" त्या लावला म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर सुतार दुसरीकडे बघून हसायला लागला.

बाई चढू लागल्या. आसन वर, बसायचं, पाय वर, उभं राहायचं. सात फुटांवर त्या थांबल्या. त्यांचा खांदा थरथरत होता, तो माझ्या कठड्याला जाणवत होता. खाली योएलसाहेबांनी तोंड उघडलं. आता हे "उतर" म्हणणार, असं मला वाटलं. पण त्यांनी तोंड मिटलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचीच टोपी पिळत उभे राहिले. मी माझी तार खोडात घट्ट रुतवून धरली. मला एवढंच करता येतं. थोड्या वेळाने बाईंनी श्वास घेतला आणि पुन्हा आसन वर सरकवलं.

बारा फुटांवर त्यांनी दोरीने धनुष्य वर ओढून घेतलं. पहिला बाण हरणाच्या अलीकडे पडला. दुसरा पलीकडे गेला. तिसऱ्या वेळी त्या बराच वेळ दोरी ओढून राहिल्या, दात आवळून, आणि मग खालून ठप्प असा आवाज आला. बाण हरणाच्या बरगडीत होता. खाली टाळ्या वाजल्या.

"झालं, सिप्पोरा," योएलसाहेब म्हणाले. "ये आता खाली."

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं खालून वर बघितलंय."

त्या माझ्यावर वीस मिनिटं बसल्या. बीचची पानं तांबूस झाली होती, लांब एक चर्चचा मनोरा दिसत होता, शेतात मेंढ्या होत्या. योएलसाहेबांनी थोड्या वेळाने खालून विचारलं, "काय दिसतंय?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, एक मेंढीसुद्धा सोडली नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. केस विंचरता येतात, नातवाला उचलता येतं. धनुष्य मात्र ओढता येत नाही. ते त्यांनी क्लबला देऊन टाकलं, आणि खरं सांगतो, मला गॅरेजची स्वप्नं पडू लागली. पण वसंत आला तेव्हा शेडचं दार उघडलं आणि बाई फडकं घेऊन आत आल्या.

मित्रांनो, माझं आता वय झालंय, म्हणून दोन गोष्टी मागतो. माझ्यासारख्यावर चढणार असाल तर तारा आणि बोल्ट दर वेळी तपासा, आणि पट्टा जमिनीवरच बांधा, वर गेल्यावर नाही. तिसऱ्यांदा विचारणाऱ्याला हसू नका. आणि कोणासाठी काही निवडाल, मचाण असो की चप्पल, तर ज्याला ते वापरायचंय त्याला सगळ्यात आधी विचारा. मोजपट्टी नंतर काढा.

आज रविवार आहे. सिप्पोराबाई नव्या मुलामुलींना तिरंदाजी शिकवतात आणि कोणाचा बाण कुठे पडतो ते वरून बघतात. आत्ता त्या माझ्यावरच बसल्या आहेत, हातात धनुष्य नाही, पट्टा पक्का बांधलेला. मुलांचे बाण संपले आहेत. खाली योएलसाहेब पाचोळ्यात वाकून ते वेचताहेत, आणि बाई वरून सांगताहेत, डावीकडे, अहो, अजून थोडं डावीकडे.