चाळीस दिवस हात लावू नये

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. बोटभर जाड, वीतभर लांब, बूड गोल आणि तोंडाच्या कडेचा टवका उडालेला. शाळेच्या प्रयोगशाळेत माझ्यासारख्या पुष्कळ तुम्ही पाहिल्या असतील, आणि एखादी फोडलीही असेल. माझ्या आयुष्यात फार मोठं असं काही घडलं नाही. पण जे घडलं ते माझ्या पोटात घडलं, आणि मला तोंड असून बोलता आलं नाही. तेवढं सांगून टाकावं म्हणते.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. लांब पोकळ कांडीचे तुकडे पाडून एक बाई ते ज्योतीवर धरायच्या आणि बोटांनी गरगर फिरवायच्या. काच मऊ होऊन बुडाशी मिटली की नळी तयार. दिवसाला हजार नळ्या करणाऱ्या त्या बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नसेल. तिथून मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. चौदा वर्षं मुलांनी माझ्यात निळं, हिरवं, नाकाला झोंबणारं असं नाही नाही ते ओतलं आणि मग घासणीने मला घासघास घासलं. एका दुपारी कुणाचा तरी हात नळावर आपटला आणि माझ्या कडेचा टवका उडाला. फुटले नाही म्हणून मला फेकलं नाही, आणि धड राहिले नाही म्हणून वापरलंही नाही. जिन्याखालच्या खोक्यात मी धूळ खात पडले.

मला बाहेर काढलं कॉलेजच्या ऑफिसातल्या टंकलेखिका बाईंनी. त्या निवृत्त होत होत्या. शेवटच्या दिवशी त्यांनी शिपायाला विचारलं, "ह्या टाकाऊ नळ्या मी नेल्या तर चालेल का?" शिपाई म्हणाला, "न्या की. पण करणार काय यांचं?" बाई म्हणाल्या, "राण्या ठेवणार." शिपायाने खोकं पुढे सरकवलं.

मित्रांनो, बाईंना मुंग्यांचा नाद होता. तो तिघांना होता: बाईंना, नळदुरुस्ती करणाऱ्या एका जाडजूड गृहस्थांना आणि भिंगकाकांना. भिंगकाका म्हणजे चष्म्याचे दुकानदार. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर, घरात ते आणि त्यांची मुलगी. मुलगी छापखान्यात पुस्तकं बांधायची. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. बाईंनी मला काकांच्या हवाली केलं, कारण काचेला जपणारा माणूस तोच.

थंडी सरते, हवा उबदार होते, एखादा पाऊस पडून जातो आणि वारा पडतो. अशा दिवशी दुपारी वारुळांतून पंखवाल्या राण्या आणि नर बाहेर पडून उडतात. हवेतच त्यांची लग्नं लागतात. नर तिथेच संपतात. राण्या खाली उतरतात, आपले पंख आपणच मोडून टाकतात आणि बीळ करायला जागा शोधत फिरतात. हजारात एखादीचं घर उभं राहतं. बाकीच्या पाखरांच्या पोटात जातात, नाहीतर चाकांखाली. हे तिघे त्यातली एखाददुसरी उचलून आणत. पहिल्याला दिसलं की तो बाकीच्यांना फोन करून एवढंच सांगायचा, "वऱ्हाड निघालंय." मग काका गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मासुद्धा अर्धवट टाकून, वारुळं होती त्या पुलापाशी पळत. त्या दिवसांत दुकानात आलेल्या माणसाने नशिबाला बोल लावावा.

राणीला ठेवण्याची रीत सोपी होती. माझ्या बुडाशी तिसरा हिस्सा पाणी भरायचं. त्यावर कापसाचा बोळा दाबायचा, म्हणजे बोळा ओला राहतो आणि पाणी अडतं. मग राणी आत सोडायची आणि तोंडाशी दुसरा बोळा लावायचा. वर चष्मा पुसायचं पिवळं कापड गुंडाळून मला खणात आडवं ठेवायचं. राणीला खायला लागत नाही. तिच्या पंखांच्या ज्या स्नायूंचं काम संपलं, त्यांच्यावरच ती जगते आणि पहिली पोरं वाढवते. तिला लागतं पाणी, अंधार आणि शांतता. रोज कापड उचलून पाहिलं की ती घाबरते आणि स्वतःची अंडी खाऊन टाकते. म्हणून काका खणावर चिठ्ठी लावायचे, "चाळीस दिवस हात लावू नये." एकेचाळिसाव्या दिवशी तिघे जमत, कापड सोडत आणि आत फिकट, चिमुकल्या चार-पाच मुंग्या आईभोवती हिंडताना दिसत. मग राणीला पोरांसकट मोठ्या पेटीत हलवायचं आणि मला धुऊन ठेवायचं.

माझ्या टवक्यापायी एक अडचण होती. पाणी ओतताना टवका खाली आला की पाणी आत जायच्याऐवजी तिथून बाहेर ओघळायचं. काकांनी मुलीची नखं रंगवायची बाटली घेऊन टवक्याच्या उलट बाजूला लाल ठिपका दिला. ठिपका खाली, टवका वर, मग ओतायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्यापेक्षा तिचाच नट्टापट्टा जास्त."

अकरा राण्यांची घरं माझ्यात उभी राहिली. बाईंच्या धड नळ्यांत इतकी राहिली नव्हती. "या नळीला हातगुण आहे," असं नळवाले म्हणायचे आणि काका मला आणखी एकदा पुसायचे. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस. मला तेव्हा थोडी ताठ वागायची सवय लागली होती, हे कबूल करते.

मग काही वर्षांनी काकांचं पाऊल चुकायला लागलं. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा. कप टेबलाच्या कडेला ठेवला असं त्यांना वाटायचं आणि कप खाली जायचा. गिऱ्हाईक वाकडं घासलेलं भिंग परत घेऊन आलं की ते भिंग घासायच्या यंत्राला दोष द्यायचे. पुलापाशी एकदा नळवाले म्हणाले, "भिंगकाका, पायाशी बघा, तुमच्या डाव्या पायाशी." काका चारी दिशांना पाहत राहिले आणि तोवर त्यांच्याच बुटाखाली ती राणी चिरडली. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. "तिला माझा बूट आवडला," म्हणाले.

मुलीने मात्र कानाडोळा केला नाही. ती म्हणाली, "बाबा, डोळे दाखवून येऊ."

"अगं, गावाचे नंबर मी काढतो."

"म्हणूनच सांगते. स्वतःचा काढता येत नाही."

"चष्मेवाल्यालाच दिसत नाही असं लोकांत झालं, तर माझ्याकडे येईल कोण?"

हे खरं दुखणं होतं. भिंगाशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि मुलीच्या जिवावर बसून खायचं या विचाराने त्यांना अन्न जात नसे. शेवटी फार मागे लागल्यावर ते म्हणाले, "यंदाचं वऱ्हाड होऊ दे. राणी ठेवतो, तिचे चाळीस दिवस भरले की एकेचाळिसाव्या दिवशी येतो. शब्द दिला." मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली.

त्या वसंतात राणी काकांना मिळाली नाही. बाईंनी उचलून त्यांच्या हातावर ठेवली. दणकट, काळसर, पंख नुकतेच गळलेली. बाई म्हणाल्या, "तुमच्या नळीलाच देऊ. हातगुण आहे." काकांनी मला उजेडात धरलं. माझा लाल ठिपका कधीच झिजून गेला होता. पूर्वी ते नुसत्या नजरेने टवका ओळखायचे. आता त्यांनी मला दोनदा फिरवलं, "हं" म्हणाले आणि पेला कलंडवला. टवका खाली होता. पाणी माझ्या बाहेरून ओघळून त्यांच्या बाहीत गेलं. आत उतरले ते मोजून काही थेंब.

बाही ओली झाल्यावर ते हसले. "थोडं सांडलं, थोडं गेलं आत," म्हणाले, आणि बोळा दाबला. पाणी आणि काच, दोन्ही आरपार दिसणारी. आत किती आहे ते त्यांना दिसलं नाही आणि त्यांनी कुणाला विचारलं नाही. बाई शेजारीच उभ्या होत्या. एक शब्द विचारला असता तर पुरला असता.

मग कापड, खण, चिठ्ठी.

पुढचं मी एकटीने पाहिलं. राणीने तिसऱ्या दिवशी अंडी घातली, पांढरी, खसखशीपेक्षा बारीक. ती त्यांना चाटून एकत्र ठेवायची. आठवड्याभरात बोळा सुकला. ती बोळ्याशी जायची, त्याला तोंड लावायची, परत अंड्यांशी यायची. मग पुन्हा बोळ्याशी. असं ती किती वेळा गेली ते मला सांगवत नाही. दहाव्या दिवशी मुलीने कात्रीसाठी खण उघडला. तिचा हात कापडाला लागला आणि मला वाटलं, आता उचलेल. मी हलकी झाले होते, तिने उचललं असतं तर तिला कळलं असतं. बाहेरून काकांचा आवाज आला, "त्याला हात नको लावूस. चाळीस म्हणजे चाळीस." तिने कात्री घेतली आणि खण लावला. सोळाव्या दिवशी राणी अंड्यांवर आडवी झाली. उरलेले चोवीस दिवस आम्ही सगळ्यांनी एका मेलेल्या जिवाची शांतता राखली, आणि त्या शांततेच्या नावाखाली काकांचे डोळेही थांबून राहिले.

एकेचाळिसाव्या दिवशी तिघे जमले. मुलगीही सुट्टी घेऊन घरी थांबली होती. काकांनी कापड सोडलं आणि मला खिडकीशी धरलं. त्यांचा चेहरा उजळला.

"आहे. छान बसली आहे. पोरंही दिसतात दोन-तीन." त्यांनी मला जरा तिरकं केलं. "हलली बघा आत्ता."

बाईंनी मान खाली घातली. नळवाल्यांचं सारं आयुष्य पाण्यात गेलेलं, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "भिंगकाका, नळीत पाणीच नाही."

काकांनी मला आणखी जवळ धरलं, इतकं की त्यांचा श्वास माझ्यावर उमटला. मुलगी राणीकडे पाहत नव्हती. ती बाबांच्या डोळ्यांकडे पाहत होती. तिने हळूच त्यांच्या हातातून मला घेतलं, त्यांच्याच खिशात ठेवलं आणि म्हणाली, "चला बाबा. शब्द दिला होता ना." ते उठले आणि बूट शोधू लागले.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. मग त्या म्हणाल्या, "काचबिंदू आहे." मी खिशात दचकले. काच म्हणजे मी, बिंदू म्हणजे थेंब. मला वाटलं, त्या माझ्याबद्दलच बोलतायत. पण माझ्या काचेवर एक बिंदू उरला असता, तर राणी आणि मी त्या खिशात अशा आलोच नसतो.

"काढता येतो ना?" मुलीने विचारलं.

"मोतीबिंदू काढता येतो. यात गेलेली नजर परत येत नाही. उरली आहे तेवढी जपायची."

काका म्हणाले, "चाळीस दिवस आधी आलो असतो तर?"

"चाळीस दिवसांचं काय घेऊन बसलात? तीन-चार वर्षं आधी यायला हवं होतं. कडेने आत येत आला आहे तो."

"मी चष्मेवाला आहे," काका म्हणाले. त्यांनी डोळ्यांत घालायच्या औषधाची चिठ्ठी लिहून मुलीच्या हातात दिली.

आता दुकान बंद आहे. घासायच्या यंत्रावर चादर आहे. यंदाच्या वसंतात फोन आला, "वऱ्हाड निघालंय." काकांनी "तुम्ही या जाऊन" म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर खिडकीशी बसून राहिले. आता मी रिकामी आहे. काकांनी मला टाकू दिलं नाही. टेबलावरच्या पेल्यात मी उभी असते आणि शेजारी त्यांच्या औषधाची बाटली. कधीकधी ते मला हातात घेतात आणि अंगठ्याने टवका शोधतात. आता त्यांना तो चटकन सापडतो.

मित्रांनो, मला जपणारा माणूस वाईट नव्हता. त्याने राणीला त्रास होऊ दिला नाही, आणि स्वतःचा त्रासही कुणाला होऊ दिला नाही. माझं मागणं एवढंच की ज्याला जपायचं त्याला नुसतं झाकून ठेवू नका. एकदा उचलून उजेडात धरा, आणि आपल्याला दिसत नसेल तर शेजारच्याला विचारा. त्यात कमीपणा नसतो. तो असतो असं वाटून एक राणी तहानेने मेली, आणि एक माणूस कडेकडेने अंधारात गेला.

सकाळ-संध्याकाळ मुलगी त्यांच्या डोळ्यांत औषध घालते. काल थेंब पापणीवर पडला आणि गालावरून ओघळला. काका सवयीने म्हणाले, "थोडं सांडलं, थोडं गेलं आत."

मुलीने त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि नीट वाकून पाहिलं.

"नाही गेलं, बाबा," ती म्हणाली. "वर बघा. पुन्हा घालते."